माणूस येईपर्यंत

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या त्या घरात फोनला हात लावण्याआधी दाढी करावी लागे. म्हणजे मालकांना. मला ती सक्ती नव्हती, पण केस विंचरून आणि कपडे बदलूनच खाली यायचं, हा नियम मलाही लागू होता. "आवाजात पारोसेपणा कळतो," असं मालक म्हणत. सरकारी हेल्पलाइनवर जो कोणी बोलायला येतो त्याला आपला पारोसा आवाज ऐकू आला, की तो आपली फाइल मुकाट्याने तळाशी सरकवतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती त्यांना कोणी करून दिली हे मी कधी विचारलं नाही. मालकांच्या समजुतींचं मूळ शोधायला गेलं की अख्खी सकाळ जायची, आणि त्या वर्षी माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

मालक म्हणजे आमचे घरमालक. मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी इकडे आले आणि विमानतळावर विमानांसाठी जेवणाच्या ट्रॉल्या भरणाऱ्या एका कंपनीत चिकटले, ते सुपरवायझर होईपर्यंत. साथीच्या दिवसांत विमानं जमिनीवर बसली तेव्हा कंपनीने जी माणसं कमी केली, त्यांत हेही गेले. पण हे ते स्वतः कधी सांगत नसत. "मी मोकळा झालो," एवढंच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की गृहस्थ हारतुरे घेऊन रीतसर निवृत्त झालेत. पेन्शनच्या वयाला अजून अवकाश होता. काकू, म्हणजे त्यांची बायको, विमानतळावरच्या एका दुकानात कामाला होत्या. पहाटेच्या बसने जायच्या, पूर्ण शिफ्ट उभ्या राहायच्या आणि दुपारी आल्या की कठडा धरून जिना चढायच्या. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उभं राहायचं काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोडलं तर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न त्या घरात रोज चहाबरोबर यायचा आणि कपबशांबरोबर विसळला जायचा.

आम्ही वरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसावर नागपूरहून आलेली. घर पाहायला आलो तेव्हा मालकांनी खोलीआधी फोन दाखवला होता. जिन्याखाली एक लहान टेबल, त्यावर गुंडाळीच्या वायरचा जुना फोन, शेजारी एक लाकडी खुर्ची. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवला असेल. मालक म्हणाले, "मोबाइलची बॅटरी माणूस येईपर्यंत टिकत नाही. याची टिकते, कारण याला बॅटरीच नाही."

माणूस येईपर्यंत म्हणजे काय, ते मला महिनाभरात कळलं. मालकांचा उद्योगच तो होता. आसपासच्या कुणाचाही कसलाही क्लेम अडकला, की तो माणूस मालकांकडे येई आणि मालक त्याच्यासाठी फोनवर थांबून राहत. नंबर फिरवायचा, स्पीकर लावायचा आणि खुर्चीत बसायचं. "तुमच्या वतीने बोलायला मला परवानगी नाही," ते सांगत. "डेटा प्रोटेक्शन. पण थांबायला कुणाची परवानगी लागत नाही." मग ती एकच एक सुरावट घरभर वाजत राही. मधूनमधून एक बाई येऊन तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे असं सांगून जाई, आणि मालक दर वेळी "हो बाई, हो" म्हणून तिला उत्तर देत. त्या सुरावटीवर ते कांदा चिरत, डाळ शिजायला घालत, काकूंचा युनिफॉर्म इस्त्री करत. वायर पुरेल तेवढा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून ठेवत. आम्हाला बजावून ठेवलेलं असे, "आज मशीन लावू नकोस, पोरी. मी बेकारीवाल्यांकडे आहे." जणू छत्री घेऊन स्वतः तिकडे जाऊन बसलेत.

आणि मग अचानक ती सुरावट तुटे. मालक ताडकन उभे राहत. पलीकडे माणूस आला की बसून बोलायचं नाही, हा दुसरा नियम. एका हाताने टायची गाठ वर सारत आणि जिन्याच्या दिशेने ओरडत, "माणूस आला! माणूस आला!" ज्याचं काम असेल तो हातातलं टाकून पळत येई. तो पोचेपर्यंत त्या माणसाला धरून ठेवणं ही मालकांची खरी कला. "ही इज ऑन द स्टेअर्स, सर. कमिंग, कमिंग. व्हॉट वेदर, सर, तुमच्याकडे कसं आहे?" इंग्रजी संपलं की मराठीही चालायचं. आमच्या शेजारच्या खोलीतली नर्स बाथरूममध्ये असताना त्यांनी एका बाईला पिठलं करायची रीत अर्ध्यापर्यंत सांगितली होती. ती बाई थांबली होती, हे विशेष.

मालकांना नियमकायदे कळत होते असं मात्र कुणी समजू नये. एकही कळत नव्हता. एकासाठी एक दाबा, दोनसाठी दोन दाबा असं मशीन सांगायला लागलं, की ते हाताची घडी घालून बसत. बटण दाबलं की मशीनला कळतं आपण घाईत आहोत, आणि घाईतल्या माणसाला ते मुद्दाम रखडवतं, असं त्यांचं म्हणणं. एका ऑफिसचा फोन त्यामुळे हमखास कट व्हायचा. त्याचा दोष ते विमानांना देत. आमच्या डोक्यावरून विमान गेलं की त्या भागातले सगळे लोक वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतात आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागतात. पण सरकारच्या माणसाला ते कसं ठाऊक असणार? म्हणून फोन लावण्याआधी सगळ्या खिडक्या दाबून बंद. "त्याला वाटायला नको की क्लेम टाकून आपण इंडियाला चाललोय."

या सगळ्याला मी पहिले काही महिने हसत होते. मग माझ्यावर वेळ आली.

मी विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मालाच्या नोंदी ठेवायचं काम करत होते. बरं चाललं होतं. दिवस गेले तेव्हा पुण्याहून सासूबाईंनी ताकीद दिली, पाच महिने होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. बाहेर तर नाहीच नाही. मीही बोलले नाही. सैल स्वेटर घालून जात राहिले. पाचवा संपायला आला आणि मी मॅनेजरला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तिनेच मला बोलावून घेतलं आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवता येत नाही म्हणून सांगितलं. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. निघताना मला नव्या नोकरीसाठी शुभेच्छा दिल्या. मी थँक यू म्हटलं आणि पोटावर बॅग धरून घरी आले. नजर लागू नये म्हणून एवढं जपलं, आणि लागली ती नोकरीला.

आता कंपनीकडून बाळंतपणाचा पगार मिळायचा प्रश्न नव्हता, कारण मी कंपनीतच नव्हते. बेकारीवाल्यांकडे गेले. तिथला मुलगा भला होता. त्याने विचारलं, काम करायला काही अडचण आहे का? मला अजून न बोलायची सवय सुटली नव्हती. मी नाही म्हटलं. त्याने मला पेट्या उचलायचं काम शोधून दिलं. तेव्हा कुठे मी कोटाची बटणं काढून पोट दाखवलं. तो ओशाळला आणि म्हणाला, मग तुम्ही मॅटर्निटीवाल्यांकडे मागा. मॅटर्निटीवाले म्हणाले, कंपनी पैसे देत नाही असा कंपनीचा कागद आणा. कंपनी म्हणाली, तुम्ही आता आमच्याकडे नाही. आणि फोन ठेवला.

त्यातच एका हळदीकुंकवाला स्टॅनमोरला गेले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, वेडी आहेस का? आपल्या व्हिसावर नो पब्लिक फंड्स असतं, सरकारी मदत घ्यायचीच नाही. क्लेम केलास तर आय-एल-आर गेलं समज, कायमचं राहायला मिळणार नाही. इट्स नॉट वर्थ इट." रात्रभर मला झोप लागली नाही. मालकांना विचारलं तर ते एकदम तापले. "फंड पब्लिकचा कसा? दर महिन्याला तुझ्या पगारातनं कापत होते का नव्हते? कापून घेतलंय ते मागायचं. त्यात भीक कसली?" ऐकायला फार छान वाटलं. पण बटणं न दाबणाऱ्या माणसावर व्हिसा कसा सोपवायचा? म्हणून लायब्ररीत सल्ला द्यायला बसणाऱ्या बाईंना जाऊन भेटले. त्यांनीही तेच सांगितलं. हा भत्ता माझ्या स्वतःच्या कापलेल्या हप्त्यांवरचा आहे, व्हिसात म्हटलेले पब्लिक फंड्स वेगळे. घरी येऊन हे सांगितलं तर मालक म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हटलं होतं?" आणि दोन दिवस खुशीत होते.

आमचं गणित सरळ होतं. भत्ता मिळाला तर मी इथे राहून बाळंत व्हायचं. नाही मिळाला तर एकाच्या पगारात तिघांचं भागत नव्हतं, तेव्हा मी नागपूरला आईकडे जायचं, आणि बापाने आपलं पहिलं मूल फोनच्या पडद्यावर पाहायचं. विमान कंपन्या अमुक महिन्यानंतर बसू देत नाहीत, म्हणून ठरवायला वेळही फार नव्हता. नवरा रोज संध्याकाळी काही न विचारता माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे. मग तो चहा करायचा.

मालकांनी माझ्यासाठी फोन लावला. माणूस आला. बाई होती. मी धावत खाली गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी फार गोड आवाजात विचारलं, "अँड हाउ आर यू मॅनेजिंग अ‍ॅट द मोमेंट?" मी म्हटलं, "वी आर फाइन, थँक यू." दॅट्स गुड, ती म्हणाली, मग घाई नाही म्हणून नोंद करते, आठ-दहा आठवड्यांत कळेल. फोन बंद झाला. मी वळून पाहिलं तर मालक भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते.

"फाइन?" ते म्हणाले. "कुठाय फाइन? दाखव मला."

"अहो, तोंडातून निघून गेलं."

"आपल्या लोकांचं हेच आहे. आयसीयूत टाकलं आणि विचारलं, कसं काय, तरी म्हणतील, बरं चाललंय. अगं, तो पाहुणा नाही. त्याला खरंच विचारायचं असतं. अडचण आहे म्हणालं की तो तसं लिहितो आणि फाइल वर येते. बरं चाललंय म्हणालं की क्लेम मेला."

त्यानंतर रोज दुपारी माझी तालीम सुरू झाली. मालक जेवणाच्या टेबलाच्या त्या बाजूला साहेब होऊन बसत, हातात डाव. "गुड आफ्टरनून, मॅडम. हाउ आर यू टुडे?"

"फाइन, थँ—"

डाव टेबलावर आपटे. "मेला! पुन्हा. हाउ आर यू मॅनेजिंग?"

"ऑल राइट, पण..."

"मेला! पण तो ऐकेपर्यंत थांबणारच नाही."

काकू शिफ्टवरून येऊन सोफ्यावर पाय लांब करून बसलेल्या असत. गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. हा सगळा खेळ त्या पाहत, आणि एकदा न राहवून म्हणाल्या, "मला नाही कधी तालीम दिली यांनी. आणि स्वतःही नाही कधी घेतली." मालक एकदम उठले आणि आमटी ढवळायला गेले. आमटी कधीच झाली होती.

दुसऱ्या फोनला माझ्या केसांत शाम्पू होता. "माणूस आला!" ऐकलं आणि टॉवेल गुंडाळून, सातवा महिना सांभाळत, एकेक पायरी उतरायला लागले. खाली मालकांचं चाललेलं, "शी इज प्रेग्नंट, सर. कमिंग स्लोली. टू लाइव्ह्ज कमिंग, सर." या वेळी पुरुष होता, स्कॉटलंडकडच्या बोलीचा. त्यानेही तोच प्रश्न विचारला. मी मालकांकडे पाहिलं. टाय घट्ट, पाय जोडलेले, हातात डाव, श्वास रोखलेला. मी म्हटलं, "वी आर नॉट मॅनेजिंग." आणि पुढे मला धड बोलताच येईना. शाम्पू डोळ्यांत जात होता, रडू येत होतं, आणि तोंडातून नागपूर, विमान, नवरा, पेट्या असं वाट्टेल ते बाहेर पडत होतं. एवढे महिने जे कुणाला बोलायचं नव्हतं ते सगळं मी एका न पाहिलेल्या माणसाला सांगितलं. त्याने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "राइट, लव्ह. लीव्ह इट विथ मी." कंपनीच्या कागदाशिवाय माझ्या पगाराच्या पावत्या चालतील, हेही त्यानेच सांगितलं.

मालकांनी फोन जागेवर ठेवला, तो पुसला आणि मला म्हणाले, "जा, डोकं धू." एवढंच. पण त्या दिवशी गोडाचा शिरा झाला.

पैसे आले. मी नागपूरला गेले नाही. मुलगी झाली तेव्हा नवरा शेजारी उभा होता. त्याची दोन आठवड्यांची बापाची रजा कधी सुरू झाली आणि कधी संपली, आम्हा दोघांनाही नीट आठवत नाही, इतके आम्ही दमलो होतो. मालक ती रजा फार कुतूहलाने पाहत. लंगोट बदलणाऱ्या माझ्या नवऱ्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "आमची झाली तेव्हा मी ट्रॉल्या भरत होतो. दुसऱ्या दिवशी बघितली. तोवर तिचं तोंड धुऊन झालं होतं."

ती त्यांची मुलगी मिल्टन कीन्सला असते. इथेच जन्मलेली, आयटीत आहे. आमच्या बाळाला पाहायला आली तेव्हा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा ना बाबाला, स्वतःचा क्लेम कर म्हणून. आय हॅव ट्राइड सो मेनी टाइम्स. मी सगळा फॉर्म ऑनलाइन भरून देते म्हटलं, तर तो म्हणतो, तोंड न दाखवता मागायचं म्हणजे चोरी. मग फोन कर म्हटलं, तर नाही. आईची गुडघा किती वाईट झाली आहे. ही हेल्प्स द होल स्ट्रीट, बट नॉट हर."

तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला मालकांचा भयंकर राग आला. गल्लीतल्या सगळ्यांसाठी हा माणूस थांबला. नर्ससाठी थांबला, माझ्यासाठी थांबला, कोपऱ्यावरच्या अफगाणी न्हाव्यासाठी थांबला. घरात जी बाई लंगडत होती, तिच्यासाठी मात्र याला नंबर फिरवता येत नव्हता. मी सरळ जाऊन विचारलं, "मालक, आता तुमचा नंबर कधी?"

"माझं काय? मी मोकळा आहे."

"कापून घेतलंय ते मागायचं, तुम्हीच म्हणालात."

"ते तुमचं. तुम्ही पोरं आहात, तुमचं चालू आहे अजून." वरून विमान गेलं. ते थांबले. विमान गेल्यावरही पुढचं वाक्य काही आलं नाही. त्यांनी कोथिंबीर निवडायला घेतली.

मग एके दुपारी काकूंना त्यांच्या दुकानातल्या एका मुलीने गाडीतून घरी आणून सोडलं. शिफ्ट संपता संपता त्यांचा गुडघा धरला आणि त्यांना बसपर्यंत चालताच येईना. आम्ही दोघींनी धरून त्यांना सोफ्यावर बसवलं. मालक दारात उभे. त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी आधी मटार आणले, मग पाणी आणलं, मग दुसरे मटार आणले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्या लावतेस फोन?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत मी बसले. मांडीवर मुलगी. खिडक्या बंद. थांबायचं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. सुरुवातीला चीड येते, मग झोप येते, मग ती सुरावट आपल्याच घरातली कुणीतरी गुणगुणतंय असं वाटायला लागतं. ती बाई आली की मीही "हो बाई" म्हणू लागले. मालक वर दाढी करून, टाय बांधून पलंगावर बसून होते. सुरावट तुटली. माझा आवाज त्यांच्यासारखा घुमला नाही, पण मी ओरडले, "माणूस आला!" मुलगी दचकून रडायला लागली.

मालक आले. रिसीव्हर घेतला. पाय जोडून उभे राहिले. नाव, पत्ता झाला. आणि त्या पलीकडच्या बाईने विचारलं, "अँड हाउ हॅव यू बीन मॅनेजिंग, सर?"

"व्हेरी वेल, थँक यू," मालक म्हणाले. "व्हेरी वेल. माय वाइफ इज वर्किंग. नो प्रॉब्लेम. सॉरी टु बॉदर यू. हॅव अ लव्हली डे."

आणि फोन ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सोफ्यावरून काकूही पाहत होत्या. गुडघ्यावरची पिशवी घसरली, ती त्यांनी उचलली नाही. मालकांनी टाय सैल केला आणि खुर्चीत बसले. "गेलं तोंडातनं," ते म्हणाले. "माझ्याच तोंडातनं गेलं, पोरी." मला चीड यायला हवी होती. आली नाही. फार दमल्यासारखं मात्र झालं. एवढी वर्षं शर्ट टाय घालून हा माणूस दुसऱ्यांच्या अडचणींसाठी उभा राहिला होता, कारण उभं राहायला त्याच्याकडे स्वतःची जागाच उरली नव्हती. नोकरी गेली हे त्याने बायकोशिवाय कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. सरकारला तरी कसं सांगणार?

काकू डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन आठवडाभर पडून राहिल्या. त्या आठवड्यात फोन वाजला नाही आणि कुणी लावलाही नाही. सोमवारी शिफ्टवर परत जाणार, असं त्यांनी आदल्या रात्री जेवताना जाहीर केलं. मालकांनी युनिफॉर्मला इस्त्री केली.

सोमवारी सकाळी मी मुलीला दूध पाजून खाली आले तर ती सुरावट वाजत होती. मला वाटलं मालक कुणासाठी तरी बसलेत. पण खुर्चीत काकू होत्या. अंगात युनिफॉर्म, पायात बूट, मांडीवर डबा. खिडकी उघडी होती.

"काकू, बस?"

"गेली," त्या म्हणाल्या. "बघितली जाताना."

मी जिन्यावरच बसले. आम्ही दोघी ऐकत राहिलो. ती बाई आली, फोन महत्त्वाचा आहे म्हणाली. काकू तिच्याशी काही बोलल्या नाहीत. वर बाथरूममध्ये नळ वाहत होता. मालकांना सकाळी उठल्यावर खालून गाणं ऐकू आलं असेल, आणि मी लावलं असेल असं समजून ते दाढीला लागले असतील. डब्यावर ठेवलेले काकूंचे हात हलत नव्हते.

सुरावट तुटली. "हॅलो, थँक्स फॉर होल्डिंग," कुणीतरी म्हणालं.

काकूंना ओरडायची सवय नव्हती. तरी त्यांनी कठड्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. "अहो! माणूस आला!"

वरचा नळ बंद झाला. मालक आले. अर्ध्या गालाला फेस, गळ्यात टाय नाही, बनियनवर. काकूंना खुर्चीत पाहिलं आणि ते शेवटच्या पायरीवर थांबले. काकूंनी रिसीव्हर पुढे केला. त्यांनी घेतला. त्याच वेळी घरावरून विमान गेलं, उघड्या खिडकीतून सगळा आवाज आत आला, आणि तो सरेपर्यंत तिघेही तसेच थांबलो. पलीकडचा माणूसही थांबला असावा.

"सॉरी, सर, आर यू देअर? हाउ आर यू दिस मॉर्निंग?"

मालकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसत्या त्यांच्याकडे पाहत बसल्या.

"नॉट गुड," मालक म्हणाले. फेस विरघळून गालावरून गळत होता. "आय लॉस्ट माय जॉब. व्हेन द प्लेन्स स्टॉप्ड. माय वाइफ कॅन नॉट स्टँड एनी मोर. वी आर नॉट मॅनेजिंग, सर."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. "ओके," तो म्हणाला. "लेट्स टेक इट स्लोली. स्टार्ट विथ युअर नेम."

पलीकडे माणूस असताना मालक तोवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि आपलं नाव सांगायला लागले. काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि एका बुटाच्या टाचेने दुसरा बूट पायातून काढला.